बोला, मी हाय लाइनीवर

बिरादार अक्का फोनवर ‘हॅलो’ म्हणत नसत. कोणाचाही फोन येवो, दुसरी घंटी पुरी व्हायच्या आत रिसीव्हर डाव्या कानाला लागायचा आणि जराही घाई नसलेला, भरीव आवाज यायचा, “बोला, मी हाय लाइनीवर.” मग उजव्या हातानं शेजारच्या वहीत वेळ लिहायच्या. दूधवाल्याचा फोन असो की परदेशातल्या भाच्याचा, सुरू किती वाजता झाला आणि संपला किती वाजता, दोन्ही वेळा वहीत. नोकरी सुटून वीस वर्षं होत आली तरी ही सवय सुटली नव्हती. मी एकदा हसले तर म्हणाल्या, “हसतीस काय? सुरू झालेलं कवा संपलं हे माणसाला ठाऊक पायजे का न्हाई?”

मी लातूरच्या टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागले तेव्हा ट्रंक कॉलचे शेवटचे दिवस होते. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. परगावी बोलायचं तर आधी ऑफिसात नंबर नोंदवायचा आणि फोनशेजारी बसून राहायचं. तासाने, दोन तासांनी, कधी संध्याकाळपर्यंत आपला नंबर लागायचा. मग ऑपरेटर बोर्डावर वायर खुपसून दोन गावं जोडून द्यायची. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून सांगायची, वेळ संपली. आमच्या बोर्डावर अक्का सगळ्यांत जुन्या होत्या. उदगीरकडच्या, लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. रागावल्या की मराठीत बोलायच्या आणि राग गेला की कानडीत, ‘इरली, इरली’. म्हणजे असू दे, सोडून दे. मला कामाला लावायचं त्यांच्याकडे आलं.

पहिल्याच आठवड्यात मी मार खाता खाता वाचले. दोन्हीकडची माणसं बोलायला लागली की ऑपरेटरनं कळ मागे करायची आणि ऐकायचं नाही, हा नियम होता. मी एका नव्या जोडप्याचं बोलणं ऐकत बसले आणि मला हसू फुटलं. अक्कांनी दोन बोटांनी माझ्या डोक्यावरचा हेडसेट उचलला.

“कुणाच्या घरात खिडकीतून डोकावतीस का गं तू?”

“नाही अक्का.”

“मग हे काय करून राहिलीस? लाइनीवरचं लाइनीवर. कानात आलं तरी तोंडात येऊ द्यायचं न्हाई. आन् कानात पण येऊ द्यायचं न्हाई.”

त्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. पुढे कळत गेलं की अख्ख्या जिल्ह्याची सोयरीक, भांडणं, मयती, पळून गेलेल्या पोरी, सगळं त्या बाईच्या हातांखालून गेलं होतं आणि एक अक्षर बाहेर आलं नव्हतं. गावात त्यांच्याकडे बघून माना खाली घालणारी बरीच माणसं होती. अक्का मात्र सगळ्यांना पहिल्यांदाच भेटल्यासारख्या ‘काय, बरं हाय का?’ विचारायच्या.

त्यांचा दुसरा नियम नंबरचा. एका पुढाऱ्याचा माणूस फोनवर तावातावानं ओरडत होता, साहेबांचा कॉल आधी लावा म्हणून. अक्का शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या आधी तिघं हायत.”

“कोण आहेत ते?”

“ते तुमाला कशाला सांगू?”

“बाई, तुमची बदली करीन मी!”

“करा की. तोवर तीन नंबर होतील, मग तुमचा लावते.”

बदली झाली नाही. साहेबांचा कॉल चौथाच लागला. मी शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होते. त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

आता मूळ गोष्टीकडे येते. गेल्या काही वर्षांत अक्कांचा उजवा कान पार गेला. तीस वर्षं हेडसेट त्याच कानावर होता. डावाही उतरत चालला होता. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर जेमतेम, मग मशीनच लावावं लागेल. अक्कांनी ते ‘इरली’ म्हणून सोडून दिलं असं मला वाटलं होतं. तेवढ्यात पेपरात जाहिरात आली, नांदेडला रविवारी सकाळी पंडितजींची मैफल. त्यांचं नाव मी लिहीत नाही, का ते शेवटी कळेल. वयामुळे त्यांनी बाहेरगावी गाणं जवळजवळ बंद केलं होतं, मराठवाड्यात तर कित्येक वर्षांत आले नव्हते. त्याच सकाळी अक्कांचा फोन आला.

“मंगी, मला ह्या गाण्याला जायचंय.”

मला आधी खरंच वाटेना. पस्तीस वर्षांत अक्कांच्या घरात मी रेडिओ लागलेला पाहिला नव्हता. भजनाला बोलावलं तर त्या पाय दुखण्याचं कारण सांगायच्या. मी विचारलं, “तुम्हाला गाणं कधीपासून आवडायला लागलं?”

“गाण्याचं मला काय कळतंय? ह्या माणसाचं ऐकायचंय. एक अर्धं राहिलंय.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय न्हाई. डावा कान हाय तोवर ऐकायचं. मशीनीतून ऐकलं म्हणजे परत वायरीतूनच की गं. मला वायरीबिगर ऐकायचंय, एकदा.”

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. मी म्हटलं, अक्का, तिकिटं मी काढते, तुम्ही निश्चिंत राहा. त्यावर त्या म्हणाल्या, “तू कशाला? मी केलंय की बुकिंग.”

त्यांनी काय केलं होतं ते संध्याकाळी त्यांच्या घरी गेल्यावर समजलं. जाहिरातीखालच्या नंबरावर फोन लावून त्यांनी आपलं नाव, गाव सांगितलं होतं आणि आपला नंबर किती हे विचारलं होतं. पलीकडच्या कुणीतरी, बहुतेक कटकट मिटावी म्हणून, ‘लिहून घेतलं आजी, कळवतो’ म्हणून ठेवून दिला होता. अक्कांनी वहीत वेळ लिहिली होती आणि त्या फोनशेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पुढचेही दोन दिवस हेच. आंघोळीला जाताना शेजारणीला फोनपाशी बसवत होत्या. सगळी दुनिया मोबाइलवर तिकिटांवर तुटून पडली होती आणि ट्रंक बोर्डाची ही जुनी बाई नंबर लागायची वाट बघत होती.

मी पुण्याला लेकीला फोन केला. ऋतुजानं दोन मोबाइल आणि ऑफिसचा कॉम्प्युटर, असे तिन्ही लावले. पडद्यावर गोल फिरत राहिलं. एकदा दोन खुर्च्या मिळाल्या, नावं भरली, आणि शेवटचं बटण दाबेपर्यंत त्या गेल्या. “आई, काही मिनिटांत संपली गं सगळी,” ती रडकुंडीला आली होती. अक्कांना हे सांगायची माझी हिंमत होईना. सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, “ज्यांनी आधी नंबर लावला त्यांना आधी मिळाली का?”

मी म्हटलं, “तिथं तसं काही नसतं, अक्का. ज्याचं बोट चपळ त्याचं.”

“असं कसं चालंल?” एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

मग बातमी आली की थोडी तिकिटं नाट्यगृहाच्या खिडकीवर मिळणार आहेत. आम्ही पहाटेच्या एसटीनं निघालो. अहमदपूरला चहा घेतला, लोहा मागे टाकलं, आणि नांदेडात उतरून रिक्षानं पोचलो तर खिडकीपुढं नुसता गोंधळ. कुणी भोकरहून आलेलं, कुणी धर्माबादहून, कुणी थेट निजामाबादहून. पहाटे आलेल्यांनी चपला, पाण्याच्या बाटल्या, विटांचे तुकडे ठेवून जागा धरल्या होत्या आणि धरणारे चहाला गेले होते. नंतर आलेल्यांनी चपला पायानं सरकवून आपली रांग लावली होती. आता चपलांचे मालक परत आले होते. एकानं दुसऱ्याची कॉलर धरली. खिडकीवर गंगाधरराव नावाचे एक गृहस्थ बसले होते. त्यांनी घाबरून फळी लावून घेतली.

अक्का पायरीवर चढल्या. त्या ओरडल्या नाहीत. बोर्डावरचा तो आवाज काढला, जो मी तीस वर्षांत ऐकला नव्हता.

“एकेकानं बोला. नाव सांगा, गाव सांगा, किती वाजता आलात ते सांगा. मी लिहून घेते.”

का कोण जाणे, माणसं गप्प झाली. पिशवीतली वही निघाली. “चप्पल कुणाची हाय ही? किती वाजता ठेवली? साक्षीला कोण?” त्यांनी माणसं, चपला, विटा, सगळ्यांचा हिशेब लावला. खोटी वेळ सांगणाऱ्याकडे त्या फक्त बघत राहायच्या आणि तो आपणहून वेळ बदलायचा. कॉलर धरलेले दोघं बारा आणि तेरा नंबरला शेजारी शेजारी उभे राहिले. पाऊण तासात वहीच्या पानावर सरळ यादी तयार झाली. आम्ही दोघी सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस. मी गर्दीत उभी राहून बघत होते. ही बाई आमच्याबरोबर डब्यातली लसणाची चटणी खायची, आणि आम्ही तिला फक्त शिस्तीची कडक समजत होतो.

गंगाधररावांनी फळी काढली आणि हात जोडले. “अक्का, तुमी नसत्या तर माझं काय खरं नव्हतं बघा. या, तुमची दोन पयले घ्या.”

मी पुढं सरकलेसुद्धा. अक्का जागच्या हलल्या नाहीत.

“माझ्या आधी सेहेचाळीस हायत.”

“कुणी काही म्हणत न्हाई, अक्का! विचारा की त्यांना.” आणि खरंच रांगेतून आवाज आले, घ्या घ्या, अक्का, तुमचा हक्क हाय.

“नंबर लागल्याबिगर जोडत न्हाई मी,” त्या म्हणाल्या.

एकोणचाळिसाव्या नंबराला तिकिटं संपली.

त्या वेळी मी त्यांच्यावर चिडले, ते इथं कबूल करायला हवं. बसस्टँडवर मी त्यांच्याशी बोलले नाही. यांचा कान जातोय, हातातोंडाशी आलेलं तिकीट यांनी नियमापायी घालवलं, आणि वर चेहरा असा शांत. निघताना गंगाधररावांनी यादीचं पान मागून घेतलं होतं, कुणी तिकीट परत केलं तर कळवतो म्हणाले होते. अक्कांनी पानावर घरच्या फोनचा नंबर घातला होता. बसमध्ये त्या मला म्हणाल्या, “त्यानं यादी घेतलीय. येईल फोन.” मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पुढचे आठ-दहा दिवस त्या पुन्हा खुर्ची टाकून बसल्या. मैफलीच्या आधीच्या शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेले होते. राग गेला होता, वाईट वाटत होतं. मी त्यांना समजवायच्या तयारीनं गेले होते की अक्का, आता मनातून काढून टाका. बशीत चहा ओतला होता. फोन वाजला.

“बोला, मी हाय लाइनीवर.”

आणि मग कितीतरी वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. पेन हातात तसंच होतं. रिसीव्हर ठेवल्यावर म्हणाल्या, “गंगाधररावांचा होता. काही तिकिटं परत आली. चाळीसपासून फोन लावून राहिले होते. कुणी उचलला न्हाई, कुणी येत न्हाई म्हणाला.” मग एकदम हसल्या, लहान पोरीसारख्या. “मंगी, आपला नंबर लागला गं.”

रविवारी सकाळी आम्ही नाट्यगृहात होतो, शेवटून दुसऱ्या ओळीत. डावा कान स्टेजकडे यावा म्हणून अक्कांनी माझ्याशी खुर्ची बदलून घेतली. पंडितजी आले, थकलेले, दोघांच्या आधारानं बसले. पहिला राग झाला. अक्का हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या, बोर्डावर बसायच्या तशा. मग पंडितजी पाणी प्यायले आणि बोलायला लागले.

“आता तोडी गाणार आहे. त्याआधी थोडं सांगायचंय, कारण ही गोष्ट तुमच्या भागातली आहे. मी तरुण होतो, लातूरला एका उत्सवात गायला आलो होतो. निरोप आला की माझे गुरुजी अत्यवस्थ आहेत, कर्नाटकात, त्यांच्या गावी. जायला लगेच गाडी नव्हती. मी टेलिफोन ऑफिसात जाऊन कॉल लावला. गुरुजींना बोलता येत नव्हतं. त्यांच्या मुलीनं रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला आणि मला म्हणाली, ते खुणेनं सांगतायत, गा. मी त्या लाकडी खोक्यात उभा राहून गायला लागलो. तीन मिनिटं झाली आणि मध्ये ऑपरेटर बाईंचा आवाज आला. मी म्हणालो, बाई, तोडू नका हो, माझे गुरुजी आहेत. तर त्या म्हणाल्या...”

पंडितजी थांबले. मला पुढचे शब्द ऐकायच्या आधीच कळले.

“त्या म्हणाल्या, ‘गा तुमी. मी हाय लाइनीवर.’ किती वेळ लाइन धरून ठेवली कोण जाणे. स्थायी पूर्ण झाली, अंतरा उचलला आणि लाइन गेली. त्यांनी पुन्हा पुन्हा लावून पाहिली, लागली नाही. दोन दिवसांनी गुरुजी गेले. जाताना त्यांच्या कानात माझी तोडी होती, अर्धी का होईना. मी काउंटरवर त्या बाईंना भेटू द्या म्हणालो, पण ऑपरेटरना भेटता येत नसे. आज कदाचित त्या या सभागृहात असतील. असतील तर त्यांनी फक्त हात वर करावा. मला इथूनच नमस्कार करायचाय.”

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. माझा हात वर जायला निघाला होता, माझा नव्हे, त्यांचा धरून वर करायला. अक्कांनी माझं मनगट पकडलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या बोटांत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. त्या स्टेजकडेच बघत होत्या. कुणाचाही हात वर गेला नाही. पंडितजींनी क्षणभर वाट पाहिली, मग सभागृहालाच नमस्कार केला आणि सूर लावला.

स्थायीभर अक्कांनी मनगट सोडलं नाही. अंतरा सुरू झाला तेव्हा सोडलं, आणि डाव्या कानामागे तळवा धरून डोळे मिटले. मला गाण्यातलं फार कळत नाही. पण त्या वेळी मी स्टेजकडे बघतच नव्हते, शेजारी बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्या देवळातही पाहिलेलं नाही. मला रडू आवरेना. तोडी संपली, टाळ्या सुरू झाल्या. अक्कांनी पर्समधून पेन काढलं, भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं आणि तिकिटाच्या मागे काहीतरी लिहिलं.

परतीच्या बसमध्ये मी लोह्यापर्यंत कशीबशी गप्प राहिले. मग त्यांच्या डाव्या कानाशी वाकून विचारलं, “अक्का, त्या तुम्हीच ना?”

“लाइनीवरचं लाइनीवर, मंगी.” मग माझी समजूत काढावी तशा म्हणाल्या, “आन् त्या दुपारी ड्युटीवर सहा जणी होतो आमी.”

तोडी सकाळचा राग म्हणून मी आपली सकाळ धरून चालले होते. पंडितजींनी वेळ सांगितलीच नव्हती. चाळीसेक वर्षांत अक्कांच्या तोंडून लाइनीवरचं एवढंच बाहेर पडलं, आणि ते त्यांना कळलंही नाही. मी काही बोलले नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी शिकवलं होतं ते मला त्या दिवशी करता आलं.

त्या पावसाळ्याअखेर त्यांचा डावा कानही गेला. मशीन त्यांनी लावलंच नाही. फोन मात्र काढू दिला नाही. मागल्या वर्षी त्या गेल्या.

हे लिहावं की नाही यावर मी पुष्कळ दिवस घालवले. पण पंडितजींनी भर सभेत विचारलं होतं, आणि इतक्या मोठ्या माणसाला उत्तर न मिळता राहू नये असं मला वाटतं. पंडितजी, ती बाई सभागृहात होती. तिनं अंतरा ऐकला. याहून जास्त सांगायचा मला अधिकार नाही, म्हणून इथली नावं बदलली आहेत. बिरादार हे आडनावही तिचं नाही आणि गावही उदगीर नाही. शोधायला जाऊ नका. ड्युटीवर सहा जणी होत्या.

त्यांच्या वह्या भाच्यानं मला दिल्या. शेवटच्या वहीत ते तिकीट सापडलं. इतर सगळ्या नोंदींना दोन-दोन वेळा आहेत, सुरू झाल्याची आणि संपल्याची. तिकिटामागे एकच आहे. दहा वाजून बावन्न मिनिटं, आणि पुढे अक्कांच्या ठसठशीत अक्षरात, ‘संपला’.